पंचवीस अक्षरं

जयदीपच्या शेडमधला संगणक बंद पडायला आला होता. सुरुवातीला प्रकरण एवढंच होतं.

चाकणजवळ नाणेकरवाडीत, पुणे-नाशिक महामार्गापासून थोडी आत, त्यांच्या जुन्या शेतातच ती शेड आहे. छोट्या मालवाहू टेम्पोच्या ब्रेक पेडलमध्ये बसणारी पोलादी पिन तिथे तयार होते. बोटाएवढी लांब, पेन्सिलीएवढी जाड. शेडच्या कोपऱ्यात काचेची केबिन आहे आणि तिच्यात मापं घेणारं मशीन. काळ्या ग्रॅनाइटचा टेबल, वरून खाली येणारा दांडा, दांड्याच्या टोकाला माणकाचा बारीक लाल मणी. तो मणी पिनला ठिकठिकाणी टेकतो आणि शेजारचा संगणक माप दाखवतो. ते माप बघून बाहेरच्या लेथचं सेटिंग होतं.

शनिवारी गाड्यांच्या कंपनीची माणसं तपासणीला येणार होती. त्यांच्यासमोर मशीन चाललं नाही, तर जयदीपचं नाव पुरवठादारांमधून जाणार होतं, आणि त्या पिनेला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मारुतरावांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, जमिनीचा शेवटचा तुकडा विकायला नकार देऊन त्यावर ही शेड घातली होती. ते गेल्यावर सगळं जयदीपवर आलं.

मी पिंपरीत एका दैनिकात काम करतो. आमच्या कार्यालयातले संगणक धम्मरत्न सांभाळतो. तो मूळचा परभणीकडचा, राहायला थेरगावला, कामात चोख. जयदीप माझा कॉलेजचा मित्र. त्याने विचारलं म्हणून गुरुवारी, औद्योगिक पट्ट्याच्या सुट्टीच्या दिवशी, धम्मरत्नला गाडीवर मागे बसवून मी मोशीमार्गे निघालो. शेडमध्ये जयदीप आणि त्याची आई आक्काबाई, एवढेच होते. मशीन बंद असल्यावर अशा शेडमध्ये कूलंटच्या तेलकट पाण्याचा वास जास्त येतो.

धम्मरत्नने संगणकाच्या डब्याला कान लावला. आत हार्डडिस्क टकटकत होती. ही आजचा दिवस काढील, उद्याचं सांगता येत नाही, असं तो म्हणाला. नवी डिस्क बसवायची, तिच्यावर विंडोज नव्याने टाकायचं, मग माप घेण्याचं सॉफ्टवेअर. ते मात्र सुरू होताना लायसन्स की मागणार. अक्षरं आणि आकडे मिळून पंचवीस, पाचपाचचे पाच गट. सॉफ्टवेअर विकणारा भोसरीचा माणूस दुकान बंद करून कधीच निघून गेला होता. सीडी सापडली, खोकं रद्दीत गेलं होतं. डब्यावर स्टिकर होतं का, असं धम्मरत्नने विचारलं.

स्टिकर होतं. दर खंडेनवमीला शेडमधली सगळी यंत्रं थिनरने पुसून घेतात, मग आक्काबाई प्रत्येकाला हळदकुंकवाची बोटं ओढतात. वर्षानुवर्षं थिनर आणि कुंकू त्या स्टिकरवरच पडत आलं होतं. कागद गुलाबी झाला होता आणि त्यावर एकही अक्षर उरलं नव्हतं.

"लेथला लावायचं, ड्रिलला लावायचं, आन् ह्येलाच कोरडं ठिवायचं व्हय?" आक्काबाई म्हणाल्या. "समदं काळंभोर. तेवढंच पांढरं कपाळावानी दिसलं मला."

धम्मरत्न हसला. काळजी नको, स्टिकरवर जे असतं ते आतही असतं, म्हणाला. त्याच्या पेनड्राइव्हमध्ये आतली की बाहेर काढून दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम होता. तो त्याने चालवला. पडद्यावर चौकट आली. वरच्या ओळीत सॉफ्टवेअरचं नाव, मधल्या ओळीत की, खालच्या ओळीत ते कधी टाकलं ती तारीख.

त्याने जुन्या चलनाच्या पाठीवर की उतरवून घेतली. मीही दुसऱ्या कागदावर उतरवली. वर्तमानपत्रात एकट्याच्या नजरेवर कुठलाही आकडा छापायला जात नाही. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागद धरायचा. ती सवय. मी वाचायला लागलो आणि धम्मरत्न पहिल्याच अक्षराला थांबला.

"सर, तुम्ही कुठलं वाचायलात?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. "हे. एच."

त्याने माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तिथं क्यू आहे सर."

माझ्या कागदावर एच होता, त्याच्या कागदावर क्यू. पुढचं अक्षरही वेगळं. त्याच्या पुढचंही. दोन कागदांत एकही जागा जुळत नव्हती. आम्ही पुन्हा पडद्याकडे बघितलं. मला माझ्या कागदावर होतं तेच दिसत होतं, स्वच्छ, ठसठशीत. त्याला त्याचं.

आम्ही दोघं मिळून चेष्टा करतोय असं जयदीपला वाटलं. तो म्हणाला, "सरका राव दोघं," आणि स्वतः वाचून लिहू लागला. त्याची तिसरीच की निघाली. दोन्ही कागद त्याच्यासमोर धरले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला.

धम्मरत्नने फोनवर फोटो काढला. फोटोतही आम्हाला आपापलंच दिसलं. प्रिंट काढली. कागद हातात घेतला तरी तेच. जयदीपने फोटो बायकोला, निशिगंधाला, पाठवला. ती तळेगाव दाभाड्याला शाळेत शिकवते. जास्त काही न सांगता, यात काय आहे ते टाइप करून पाठव, असं त्याने लिहिलं. तिचं उत्तर आलं. चौथी की.

मग आम्ही इतर गोष्टी वाचून बघितल्या. भिंतीवरचा अग्निशमन दलाचा नंबर. ड्रॉइंगवरची मापं. त्याच चौकटीतली खालची तारीख. सगळं तिघांना सारखं. हाताने उतरवलेले आमचे कागद आणि निशिगंधाचा मेसेजसुद्धा तिघांना सारखेच दिसत होते. फक्त ती एक मधली ओळ. कुणीतरी वाचली की तिथून पुढे ती त्याची होत होती.

धम्मरत्न डोक्याने शांत माणूस आहे. वाचायचंच नाही, सरळ कॉपी करून पेस्ट करू, म्हणाला. त्याने सॉफ्टवेअरची की भरायची खिडकी उघडून पाहिली. पाच वेगवेगळे खण होते आणि त्यांत पेस्ट होत नव्हतं. एकेक अक्षर बोटानेच दाबावं लागणार होतं.

आक्काबाई चहा घेऊन आल्या. त्यांना मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. जयदीपने त्यांना पडद्यासमोर उभं केलं आणि काय दिसतंय ते विचारलं. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"वर ल्हिलंय कायतरी. खाली ल्हिलंय."

"आणि मधे?"

"मधी कोरं हाय की." त्यांनी कप टेबलावर ठेवले. "कोऱ्यात काय बघाय बसलाय तिघं?"

त्या गेल्यानंतर केबिनमध्ये एसीचा आवाज तेवढा होता. टकटक थांबली होती. पडदा निळा झाला, मग काळा. धम्मरत्नने डिस्क काढून दुसऱ्या केबलला लावून पाहिली, हातात धरून कानाशी नेली आणि बाजूला ठेवली. आता आमच्याकडे तीन कागद आणि एक मेसेज होता.

नव्या डिस्कवर विंडोज टाकण्यात दुपार गेली. मग सीडी घातली. पाच रिकामे खण पडद्यावर आले.

कंपनी जयदीपची, म्हणून आधी त्याची की. त्याने एका बोटाने एकेक अक्षर दाबलं. सॉफ्टवेअरने की घेतली. हिरवी खूण आली. जयदीप खुर्चीत मागे रेलला आणि त्याने डोळे मिटले.

धम्मरत्नच्या तोंडावर आनंद नव्हता. एकदा बघू द्या, असं म्हणून त्याने ती की काढली आणि स्वतःची घातली. हिरवी खूण. त्याने माझा कागद मागून घेतला. हिरवी खूण. निशिगंधाची की. हिरवी खूण. मग त्याने माझ्या कीचं शेवटचं अक्षर मुद्दाम बदललं. लाल. मनाला येतील ती अक्षरं घातली. लाल. पुन्हा माझी, होती तशी. हिरवी.

"असं नसतं सर," तो म्हणाला. बराच वेळ त्याने कीबोर्डवरचे हात उचलले नाहीत.

"चालतंय ना? मग माझी घाल आणि मिटव," जयदीप म्हणाला.

त्याने ती घातली.

मशीन बरोबर मोजतंय की नाही हे बघायला प्रत्येक ठिकाणी एक नमुना पिन असते. तिचं माप पक्कं ठरलेलं, तिच्यावरच कोरलेलं. जयदीपने ती ग्रॅनाइटवर बसवली. दांडा खाली आला. लाल मणी एका बाजूला टेकला, उचलला, दुसऱ्या बाजूला टेकला. पडद्यावर आकडा आला.

"बरोबर," जयदीप म्हणाला.

"बरोबर," धम्मरत्न म्हणाला.

मीही बघितलं. पिनेवर कोरलेला होता तोच आकडा. सवयीने तो मोठ्याने वाचायला मी तोंड उघडलं आणि जयदीपने पडद्यावर पंजा ठेवला.

"मोठ्यानं वाचू नको."

"का?"

"तुला बरोबर दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग झालं. चाळीस घरं आहेत यावर, दिग्विजय."

मी वाचलं नाही.

परतताना धम्मरत्न मागे बसला होता. भोसरीच्या सिग्नलला त्याने विचारलं, त्या नमुना पिनेवर आकडा किती कोरलेला होता. मी सांगितला. त्याने कोणता वाचला होता, ते मी विचारलं नाही.

शनिवारी जयदीपचा फोन आला. तपासणी पार पडली होती. दोघंजण आले होते, एक करिष्मा मॅडम आणि एक वयस्कर साहेब. प्रत्येकाच्या हातात आपापला टॅब. प्रत्येकाने आपापलं बघितलं, आपापलं भरलं, आणि दोघंही खूश होऊन गेले. पिनेची मागणी वाढणार होती. त्याचा आवाज हलका झाला होता. आक्काबाईंनी पेढे ठेवलेत, घ्यायला ये, म्हणाला.

मला जायला उन्हाळा उजाडला. चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीची बातमी करायला गेलो होतो, तिथून शेडवर वळलो. पहिली शिफ्ट सुटायला आली होती. जयदीप काचेच्या केबिनमध्ये फोनवर होता. त्याने आतूनच हात केला.

दाराजवळच्या टेबलावर दोन बायका काम करत होत्या. कस्तुरा गेज घेऊन बसली होती. गेज म्हणजे दोन तोंडांचा पोलादी तुकडा. पिन पहिल्या तोंडातून जायला हवी आणि दुसऱ्यातून जायला नको. गेली तर ती बारीक, म्हणजे सैल. इथे वाचायला काहीच नसतं. कस्तुराचा हात भरभर चालला होता. पहिल्यातून गेली, दुसऱ्यात अडली, खोक्यात. शेजारी पूनम भरलेल्या खोक्यांना टेप लावत होती.

एकाच गेजने सगळा माल बघतेस का, असं मी कस्तुराला विचारलं. आधी आम्ही दोघी बघायचो, ती म्हणाली. पण हिला जमतच नाही.

"जमत नाही काय," पूनम म्हणाली. रागाने नाही. तिने टेप खाली ठेवली, खोक्यातली एक पिन उचलली, कस्तुराच्या हातातून गेज घेतलं आणि पिन दुसऱ्या तोंडाला लावली.

पिन आरपार खाली पडली.

कस्तुराने तीच पिन टेबलावरून उचलली, तेच गेज घेतलं, त्याच तोंडाला लावली. पिन अडली. तिने जोर दिला, तरी अडली.

"बगा," ती म्हणाली. "माज्या हातात बरोबर हाय."

"माझ्या हातात नाही," पूनम म्हणाली. "साहेबांना दाखवलं मी. त्यांनी मला टेपवर बसवलं."

केबिनमधून जयदीप आमच्याकडे बघत होता. फोन कानालाच होता.

"तुमी लावून बगा की," कस्तुराने गेज माझ्यापुढे धरलं.

मला उशीर होतोय, असं मी म्हणालो.

दारात टेम्पो लागला होता. टेप लावलेली खोकी त्यात चढत होती. भोंगा वाजला आणि बायका डबे घेऊन निघाल्या. मीही निघालो.

महामार्गाला लागायच्या आधी मला थांबावं लागलं. शेडमधल्या बायका रस्ता ओलांडत होत्या, इथे सगळेच ओलांडतात तसा, हात वर करून, गाड्यांच्या मधून. कस्तुरा पलीकडे पोचली होती आणि मागे वळून पूनमला हाका मारत होती.

पूनम अलीकडच्या कडेला उभी होती. एक छोटा मालवाहू टेम्पो तिच्यासाठी थांबला. ड्रायव्हरने जा म्हणून खूण केली. ती हलली नाही. मागच्या गाड्या हॉर्न देऊ लागल्या. त्याने पुन्हा हात केला. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. खाली, टेम्पोच्या पुढच्या चाकाकडे बघत एकेक पाऊल मागे सरकत होती.

चाक थांबलेलं आहे, असं मला दिसत होतं.