पावसाचे रीळ

अहमदपूरच्या बसस्थानकावर भर दुपारी एका परक्या तरुणाने महानंदाच्या पायाशी चार पत्र्याचे डबे आणून ठेवले आणि म्हटले, "बाई, एवढ्यावर नजर ठेवा. जीप तापली. पाणी हुडकून आलोच."

ती हो म्हणते की नाही, हे ऐकायलाही तो थांबला नाही. समोरच्याला नकाराची सवड न देता काम सांगणे हा एक तर उद्धटपणा असतो, नाहीतर निर्मळपणा. ह्यातले कोणते, हे महानंदाला ठरवता येईना. ती लातूरच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवीत असे, आणि एखादी गोष्ट ठरवता न येणे तिला मुळीच आवडत नसे.

अर्ध्या तासाने तो रिकाम्या हाताने परतला. त्यात नवल नव्हते. लातूर जिल्हा होऊन पुरते वर्षही झाले नव्हते. मिरवणुकीचा गुलाल भिंतींवरून उतरला नव्हता, तोच दुष्काळ दाराशी येऊन बसला होता. उपाहारगृहात ग्राहकाला अर्धाच पेला मिळे. अशा दिवसांत इंजिनासाठी पाणी कोण देणार?

"एका म्हातारीनं इचारलं," तो कपाळ पुसत म्हणाला, "तुझी जीप प्याली तर माझ्या म्हशीनं काय प्यावं? मला जवाब न्हाई आला."

महानंदाजवळ मावशीच्या विहिरीच्या पाण्याने भरलेला कॅन होता. लातुरात नळ आठ दिवसांनी येई, म्हणून ती अहमदपूरहून पाणी नेत असे. तिने तो पुढे सरकवला. तो मागे हटला. पिण्याचे पाणी यंत्राला पाजणार नाही म्हणाला. अर्धेच देते आहे, असे तिने बजावले, आणि त्याच वेळी तिची नजर डब्यांवरच्या चिठ्ठीकडे गेली. जी कादंबरी ती तीन वर्षे मुलींना शिकवत आली होती, तिच्यावर निघालेल्या चित्रपटाचे ते नाव होते.

"हे लातूरला चालले आहे?" तिने विचारले.

"हाव. तिथं तिघं परीक्षक बसणार. पास झालं तर साऱ्या शाळांना दावायचं म्हणे. त्यात एक मास्तरीण लई कडक हाय, ऐकून राहिलो. कादंबरी तोंडपाठ. एक शब्द हिकडचा तिकडं झाला की फाशी."

"फाशी नाही," महानंदा शांतपणे म्हणाली. "फार तर जन्मठेप."

झाकण फिरवणारा त्याचा हात थांबला. मान वर झाली... आणि त्याच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या.

त्याचे नाव व्यंकट. नांदेडकडच्या इस्लापूरचा राहणारा. सरकारी सिनेमाच्या जीपवर प्रोजेक्टर चालवी. नोकरी तात्पुरती होती, कायम होऊन लातूरच्या कचेरीत नेमणुकीचा हुकूम त्याच महिन्यात निघायचा होता. त्याने जीपमध्ये जागा देऊ केली. तिने नाकारली, भल्या घरच्या मुली अनोळखी जीपमध्ये बसत नसत. पुढे वाटेत जीपने तिच्या बसला मागे टाकले, तेव्हा धुळीच्या लोटातून एक हात बाहेर आला आणि क्षणभर हलला. महानंदाने खिडकीबाहेर पाहिलेच नाही, असे तिने स्वतःला सांगितले.

परीक्षण शाळेच्या सभागृहात ठेवले होते. वीज संध्याकाळी जेमतेम तासभर टिके, म्हणून रोज एक रीळ, असा चार दिवसांत चित्रपट पाहायचा ठरला. समितीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक शरणप्पा गुरुजी. तिसरे सदस्य कचेरीतले एक अधिकारी. ते पहिल्या दिवशी चहा घेऊन जे गेले, ते परत आले नाहीत. खिडक्या झाकण्यासाठी महानंदाने आपले वडील माणिकप्पा ह्यांच्या आडतीतून रिकामी पोती आणविली. त्यांना जुन्या ज्वारीचा वास येई. त्या वर्षी आडतीत तेवढाच काय तो ज्वारीचा वास उरला होता.

वीज येईपर्यंत थांबावे लागे. गुरुजी खुर्चीत डोळे मिटत. मग तिकडे व्यंकट रिळाची कड बोटांतून सोडत बसे, आणि इकडे महानंदा वही उघडून काहीच लिहीत नसे. पहिल्या दिवशी ती यंत्राविषयी दोन प्रश्न विचारून गप्प बसली. दुसऱ्या दिवशी त्याने कादंबरी वाचायला मागितली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला की निम्मी झाली.

"मग? कसे वाटते?" तिने वर्गात विचारावे तसे विचारले.

"पुस्तकात ती लई बोलते, बाई. पडद्यावर नुसती बघते."

"ह्यातली कोणती खरी?"

"मी बघणारीच्या बाजूचा," तो म्हणाला, आणि हे म्हणताना स्वतः मात्र यंत्रातच पाहत राहिला. "बोलणारीला आपण जवाब देऊन मोकळं होतो. बघणारीला काय द्यावं?"

महानंदा नुसती पाहत होती, हे तिच्या ध्यानात आले तेव्हा फार उशीर झाला होता.

उदगीरच्या एका व्यापारी घराण्याने तिला मागणी घातली होती. अक्षय्य तृतीयेला माणिकप्पा शब्द देणार होते. महानंदाने होकार दिला नव्हता आणि नकारही दिला नव्हता. आजवर नकाराला तसे कारणच नव्हते. तिसऱ्याच दिवशी गुरुजींनी ही वार्ता सभागृहात व्यंकटदेखत सांगितली. त्या संध्याकाळी व्यंकटने यंत्राचा दिवा लावला आणि रीळ संपताच पेटी आवरून निघून गेला.

चौथा दिवस. कादंबरीतले सर्वांत थोर प्रकरण ह्याच रिळात यायचे होते. नायिका तरुण विधवा. सासरच्या माणसांनी तिला माणसांतून उठवलेले. एके दिवशी ती भर पावसात अंगणात उभी राहते, भिजते, कित्येक वर्षांनंतर हसते. आणि दुसऱ्या सकाळी गाठोडे घेऊन घर सोडते. त्या पावसावाचून तिच्या जाण्याला अर्थ नाही.

पडद्यावर तिने दाटलेल्या आभाळाकडे पाहिले. एक पांढरी लकेर चमकली, कुणाचा तरी शब्द अर्ध्यात तुटला... आणि गाठोडे घेतलेली नायिका कोरड्या रस्त्याने चालू लागली.

शरणप्पा गुरुजी काठी आपटीत उठले. दिग्दर्शकाने कादंबरीचा गाभाच कापून टाकला, असल्या चित्रपटाची सावलीसुद्धा मुलांवर पडू देणार नाही, असे त्यांनी जागच्या जागी ठरवले. महानंदाचे अक्षर चांगले म्हणून अहवाल उद्या सकाळी तिने लिहून आणावा, आपण सही करू, असे सांगून ते निघून गेले.

ती पोती उतरवण्याच्या निमित्ताने थांबली.

"तो पाऊस कुठे आहे?" तिने विचारले. "दिग्दर्शकाने कापला नाही. तिथे जोड आहे. मी पाहिला."

व्यंकटने आढेवेढे घेतले नाहीत. आपल्या पेटीतून एक लहान डबी काढून त्याने रिळाचा तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. कडेची छिद्रे फाटलेली, एका जागी फिल्म वितळून काळी पडलेली. मग त्याने सगळे सांगितले. लातूरला येण्याआधी महिनाभर तो हाच चित्रपट दुष्काळी गावांतून दाखवीत हिंडला होता. पहिल्या गावात पावसाचे दृश्य संपले, तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही की हसले नाही. एक म्हातारा तेवढा उठला आणि तेवढेच पुन्हा फिरव म्हणाला. त्याने फिरवले. पुढच्या गावी ही गोष्ट त्याच्याआधी पोचली. बाया कडेवर लेकरे घेऊन येत, पाऊस कसा असतो ते ह्याला दाखवा म्हणत. मग कथा राहिली बाजूला. गावोगाव पाऊसच आठ-आठ, दहा-दहा वेळा फिरू लागला. रिळावर इतके ओरखडे उठले की पाऊस थांबल्यावरही पडद्यावर पाऊस पडतच राही. शेवटी एके ठिकाणी ते यंत्रात अडकले आणि दिव्याने जळले. त्याने तुकडा कापला, दोन टोके जोडली, आणि कुठे वाच्यता केली नाही.

"तुम्ही नाही म्हणायला हवे होते," महानंदा म्हणाली.

"हाव." तो जरा थांबला. "तुम्ही म्हणला असता, बाई?"

तिने शेवटचे पोते उतरवून त्याची घडी घातली. त्याने, हे लिहू नका, असा शब्द काढला नाही. तुकडा डबीत ठेवला, डबी पेटीत, आणि यंत्रावर फडके घातले.

पहाटे उठून महानंदा कागदासमोर बसली. गुरुजींच्या मनासारखे लिहिले, तर बिनदोष चित्रपटाला शिक्षा होणार होती. पण व्यंकटची नोकरी कायम होणार होती, तो लातुरात राहणार होता. आणि तो लातुरात राहावा, हे तिला किती हवे होते, ते त्या पहाटे तिने प्रथमच स्वतःपाशी कबूल केले. त्यासाठी तिला वेगळे काहीच करायचे नव्हते, फक्त त्या जोडाविषयी गप्प राहायचे होते. पण मुलींना ज्या हाताने शुद्ध लिहायला शिकवले, तो हात खोट्याखाली सहीला पुढे होईना.

तिने लिहिले: "चित्रपटाने कादंबरीशी प्रतारणा केलेली नाही. पावसाचे दृश्य यंत्रचालकाच्या हातून खराब झाले. दुष्काळी गावांनी ते मागून मागून झिजविले आहे. एखाद्या साहित्यकृतीला ह्याहून मोठा न्याय कोणी दिल्याचे आम्हांस ठाऊक नाही. यंत्रचालकाचा दोष एवढाच की, त्यास नाही म्हणता आले नाही."

गुरुजींनी ते दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि निमूटपणे सही केली. चित्रपटाची शिफारस झाली. मुंबईहून नवे रीळ मागविण्यात आले. कचेरीने अहवालातले दुसरे वाक्य तेवढे वाचले, आणि आठ दिवसांत व्यंकटला घरी बसविले.

तो निरोप घ्यायला आला ती मधल्या सुट्टीची वेळ होती. आवारातल्या लिंबाची पाने धुळीने करडी झाली होती. मुली दूरवर पाण्याच्या टाकीपाशी रांगेत होत्या, आणि टाकी केव्हाच रिकामी झाली होती.

"कचेरीत अहवाल वाचून दावला मला," तो म्हणाला. "कारकून मधीच थांबला. म्हणलं, पुढचं बी वाच. मग अजून एकदा वाचायला लावलं."

"राग आला असेल."

"आला की. घरी म्हातारी हाय, तिला काय सांगू, असं झालं." त्याने पायाने एक खडा बाजूला सारला. "पण तुम्ही खोटं लिवलं असतं ना... तर मी हितंच राहिलो असतो, अन् तुमच्याकडं नजर उचलून कधी बघितलं नसतं."

"आणि आता?"

"आता उचलून राहिलो. तर जायची वेळ झाली."

जी गोष्ट बोलण्यासाठी चार संध्याकाळी पुरल्या नव्हत्या, तिला ही दहा मिनिटे कशी पुरावीत? महानंदाला वडिलांचा चेहरा दिसला. ज्या घरात आजवर एकाही लेकीने नाही म्हटले नव्हते, ते घर दिसले. तिने पदर सारखा केला.

"सहस्रकुंड तुमच्या गावापासून जवळच ना?"

"कोसावर."

"अक्षय्य तृतीयेच्या आधी मी तिकडे येणार आहे."

तो कसनुसा हसला. "आता कशाला, बाई? पैनगंगा आटली. धबधबा न्हाई, काही न्हाई. नुसता काळा दगड उघडा पडलाय. बघण्यासारखं काय हाय तिथं?"

"मी पाणी बघायला येत नाही, व्यंकट."

त्याचे हसणे मावळले. कानाच्या पाळ्यांपर्यंत रक्त चढले. तो बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता.

"इस्लापूरला यष्टी चारला येते. मी फाट्यावर थांबतो."

"कोणत्या दिवशी, ते मी अजून सांगितले नाही. मलाच ठाऊक नाही."

"हाव," तो म्हणाला. "म्हणून रोज थांबतो."