शिंपडलेलं पाणी

बाभळीचा नीट जळलेला कोळसा मोडला की कडा चमकते, बोटांना काळं फार लागत नाही, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणक, स्वच्छ आवाज येतो. मनकर्णाबाईंनी मोटरीतून अंगणात सांडलेले दोन तुकडे आपटून पाहिले. बद्द आवाज आला. त्यांनी ते खाली ठेवले, हात धुतले आणि ओसरीवर आल्या.

ओसरीवर त्यांच्या सहीसाठी कागद मांडलेला होता.

लढाईपायी पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हापासून मंगरूळपीर–कारंजा रस्त्यावर स्वदेशी मोटर मंडळीच्या गाड्या कोळशावर चालत. गाडीच्या मागे उभं पिंप, त्यात कोळसा धुमसायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालायचं. मंडळी काढली ती मनकर्णाबाईंच्या यजमानांनी, नानाजींनी. आपल्या मुलखात आपली मोटर असावी म्हणून गावोगावच्या लोकांनी हिस्से घेतले होते. नानाजी गेल्यावर कारभार धाकटे दीर बबनराव पाहू लागले, आणि कोळशाच्या भट्ट्या मनकर्णाबाई.

मोटरीचा कोळसा मातीखाली कोंडून, हवा तोडून विझवावा लागतो. पाण्याने विझवला तर तो वरून कोरडा दिसतो, पण आत ओल धरून बसतो. चौदा महिन्यांपूर्वी मनकर्णाबाई बाभळी पाहायला शिवारात गेल्या असताना बबनरावांच्या बायकोने, गोजराबाईने, घाईची गाडी आहे म्हणून भट्टी उघडली आणि निखाऱ्यांवर घागरी ओतल्या. घरोघर चुलीतले निखारे पाण्यानेच तर विझवतात! तिला कोणी वेगळं सांगितलंच नव्हतं... गाडी कारंज्याच्या वाटेवर चढावर गुदमरली, इंजिनात ओल्या राखेचा चिखल ओढला गेला, आणि मंडळीचं सगळ्यात चांगलं इंजिन कायमचं गेलं.

"ज्यानं पानी शिंपडलं त्याले ह्या घरात ठेवनार नाई!" बबनराव ओरडले होते.

पोटातलं मूल गेल्यावर गोजरा माहेरून परतून तेव्हा आठच दिवस झाले होते. तिचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि मनकर्णाबाई शांतपणे म्हणाल्या, "म्या शिंपडलं."

थोरल्या भावाच्या विधवेला घराबाहेर कसं काढणार? बबनरावांनी भट्ट्या तेवढ्या काढून घेतल्या आणि त्या दिवसापासून त्यांना वैनी म्हणणं सोडलं. कोळसा ठेकेदाराकडून येऊ लागला, कच्चा, ओला. पाच गाड्यांतल्या दोन उरल्या. आता कलकत्त्याची साहेबलोकांची कंपनी सगळी मंडळी घ्यायला निघाली होती. तिचा दलाल रामधन तीनदा येऊन गेला होता, आणि नानाजींचा हिस्सा नावावर असल्याने ज्यांच्या सहीशिवाय सौदा होत नव्हता त्या मनकर्णाबाई तीनही वेळा एवढंच म्हणाल्या होत्या, "पाहू."

आज तो चौथ्यांदा आला होता.

"साहेब जास्त थांबनार नाई, बाई," रामधन म्हणाला. "दोन खटारे उरले, तेबी धक्का मारल्याबिगर हालत नाईत."

"धक्का माराले आपलेच लोक असतात," खाली पायरीवर बसलेला ड्रायव्हर भाऊसिंग बोलला. "साहेबाची मोटर आली का मांडीवरच्या कोंबडीलेबी तिकीट लागन!"

रामधनही हसला. बबनराव हसले नाहीत. समोर बसलेल्या भावजयीकडे न पाहता ते भाऊसिंगला म्हणाले, "त्याइले सांग, लवकर काय ते करा मनाव. मंडळी बुडवली कोनं, हे साऱ्या मंगरुळाले ठाऊक हाये."

मनकर्णाबाई नुसत्या कागदाकडे पाहत राहिल्या. चौदा महिने जे ओठांवर आलं नाही, ते आता का आणायचं?

"मंडळी म्या बुडवली!"

सगळे वळले. स्वयंपाकघराच्या दारात गोजरा उभी होती.

"पानी म्या ओतलं. जाऊबाई तं शिवारात होत्या. माह्यापायी त्याइनं आळ घेतला... अन् म्या रोज त्याइच्याच हातची भाकर खाऊन गप राह्यली!"

"गोजरा, आत जाय," मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या.

"नाई जात! काहाडा मले घरातून, पन त्याइले बोलू नका!"

बबनराव उठले, भावजयीसमोर आले आणि खाली बसले.

"काहून नाई सांगतलं, वैनी?"

चौदा महिन्यांनी ऐकलेल्या त्या एका शब्दाने मनकर्णाबाईंचे डोळे भरून आले.

"तिचं लेकरू गेलतं, भाऊजी. अन् तुमी रागात होते. इंजन एक गेलं होतं, घर नोतं गेलं."

बबनरावांनी डोकं त्यांच्या पायांवर टेकवलं. गोजरा दारातच बसून हुंदके देत होती. भाऊसिंगने मान फिरवली.

रामधनने घसा खाकरला. "घरचं मिटलं, चांगलं झालं. पन सहीचं...?"

"मले नोको इचारू," बबनराव डोळे पुसत म्हणाले. "मी तं सही करून बसलो. आता वैनी सांगतीन ते."

मनकर्णाबाईंनी कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा वाचला, त्याची सरळ घडी घातली आणि तो रामधनपुढे ठेवला.

"साहेबाले सांगजा," त्या म्हणाल्या, "मोटर इकायची नाई."