चार ओळींची पिशवी

परदेशी गेलं की लोक किल्ले बघतात. माझी धाकटी बहीण वाणसामानाची दुकानं बघते. "लोक काय खातात ते कळलं की देश कळला, ताई," हे तिचं तत्त्वज्ञान. त्यामुळे सहलीच्या शेवटच्या दिवशी बाकीची मंडळी बोटीत बसायला गेली आणि आम्ही दोघी खरेदीची यादी घेऊन बाजारात.

मी तीस वर्षं प्रयोगशाळेत रक्त तपासलं. दुसऱ्यांदा तपासल्यावरही जे तसंच निघतं, त्यालाच मी खरं मानते. लग्न केलं नाही, धाकटीचं घर तेच माझं घर. माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस आहे, पण हे तिला सांगायची कधी वेळ आली नव्हती.

वाणसामानाच्या दुकानाआधी हस्तकलेची गल्ली लागली. लाकडी डाव, वेताच्या टोपल्या, ताज्या रंगाचा वास. शेवटच्या गाळ्यात एक म्हातारी मांडीवर मावेल एवढ्या मागावर पिशवी विणत होती. धाकटीने पिशवीला हात लावला, तेव्हाच मी समजले की आता इथून लवकर सुटका नाही. मी फोनमधलं भाषांतर चालू करून तो दोघींच्या मध्ये धरला.

"घरात कोण कोण?" म्हातारीने विचारलं.

"ही काय जनगणनेवर आहे का?" धाकटी मला म्हणाली. पण सांगितलंन सगळं. ही ताई, मग नवरा, मुलगा, सून. म्हातारीने हसत हसत प्रत्येकाची एकेक रंगीत ओळ विणली. मी लाल, नवरा हिरवा, मुलगा निळा, सून पिवळी.

"पिशवीतून घरच्यांसाठी न्यायचं, तर पिशवीला घरचे ठाऊक नकोत?" फोन म्हणाला.

मग भाव. म्हातारीने सांगितला, धाकटीने निम्म्याला मागितली. म्हातारीने मान हलवली. तेव्हा धाकटीने तिचं ब्रह्मास्त्र काढलं. "राहू दे मग," म्हणत पाठ फिरवली आणि चालू लागली. "मागे बघू नकोस, ताई. दहा पावलांत हाक येते बघ."

आपल्याकडे येतेच. इथे वीस पावलं झाली तरी आली नाही, म्हणून मी वळून पाहिलं. म्हातारी रागावलेली दिसत नव्हती. ती शांतपणे पिवळी ओळ उसवत होती.

दुकान झकास होतं. चीजच्या चकत्या, डाळींचे पारदर्शक डबे, काचेच्या बरण्यांच्या रांगा. धाकटी ढकलगाडी घेऊन लहान मुलीसारखी पळत होती. पहिल्याच वळणावर तिने यादी माझ्यापुढे धरली.

"हे 'सुनेसाठी चॉकलेट' कुणी लिहिलं?"

"तूच. अक्षर तुझंच आहे."

"सून कुठली आणलीस मधेच?"

मी खो खो हसले. सासू शोभतेस म्हटलं. तीही हसली, आणि चॉकलेट फळीवर ठेवून दिलं.

कॉफीच्या फळीपाशी ती पुन्हा थांबली. गाडीतली पुडी उचलून परत ठेवली.

"अगं, मुलासाठी घेतलीस ना?"

"कुणाच्या मुलासाठी?"

ती थट्टा करताना नाकपुड्या फुगवते. आता फुगवल्या नव्हत्या.

मी तिला दोन्ही हात वर करायला लावले. चेहरा सरळ, बोलणं स्पष्ट, तारीख बरोबर. डोक्यात रक्ताची गुठळी वगैरे काही वाटत नव्हतं. "दुकानात कसली कवायत!" म्हणत ती हसत होती. मग तिने ऑलिव्हची बरणी निरखून पाहिली, जी ती दर सहलीतून नवऱ्यासाठी नेते.

"नवऱ्याला? आपण दोघीच बऱ्या आहोत की."

हिरवी ओळ, मला वाटलं. वाटल्याची लाजही वाटली. पण पाय थांबेनात. गाडी तिथेच टाकून मी तिचा हात धरला आणि ओढत निघाले.

अर्ध्या वाटेत तिने हात सोडवून घेतला. हळूच, परक्या माणसाचा सोडवावा तसा.

म्हातारीच्या मागावर लाल धाग्याचं एक टोक उरलं होतं.

मी पाकिटातल्या सगळ्या नोटा तिच्यापुढे ठेवल्या. तिने सांगितलेल्या भावापुरत्या उचलल्या, बाकीच्या परत केल्या.

"पाठ फिरवली की उसवायचं," फोन म्हणाला. "रीत आहे."

"पुन्हा विणा. सगळ्या."

लाल धाग्याचे बारीक तुकडे झाले होते. तिने ते झटकले आणि टोपलीतून दुसरा लाल घेतला. किंचित गडद. लाल तो लाल, म्हटलं मी.

मग हिरवा. मग निळा.

"अगं, त्याची कॉफी राहिली!" धाकटी ओरडली.

मी रस्त्यातच रडले. तिने मला रुमाल दिला, पाठीवरून हात फिरवला. पिवळी ओळही पुरी झाल्यावर आम्ही पिशवी घेऊन दुकानात परत गेलो आणि कॉफी, चॉकलेट, ऑलिव्ह, सगळं घेतलं. नवी पिशवी गच्च भरली.

हॉटेलच्या दिवाणखान्यात दुपारचं ऊन आलं होतं. आम्ही कोचावर टेकलो. मी माझ्या फोनवर पिशवीचा फोटो काढत होते, तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला.

पडद्यावर 'ताई' असं होतं.

मी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. त्यात फक्त पिशवी दिसत होती.

"हो ताई, सगळ्यांचं घेतलं," ती आनंदाने सांगत होती. "तुझंही घेतलंय. आता काय, उद्या येतेच."

मग पलीकडचं ऐकत तिने माझ्याकडे पाहिलं. फोनवर तळवा धरला आणि छान हसली.

"ताई विचारतेय, सोबत कोण आहे. काय सांगू?"