फिल्मला दाखवलेला दिवा

आमचा जुना मित्र डेस दुपारी तीनला आला तो दोन बादल्या आणि औषधांच्या बाटल्या घेऊनच. "एव्हिस, चहा नंतर. आज तुझी धुण्याची खोली माझी."

"सहा वर्षांनी या घरात पुरुषमाणूस आला, तोही बादल्या घेऊन," मी म्हटलं. थट्टा केली, म्हणजे ओट्याकडे बघावं लागणार नाही. ओट्यावर ती फिल्म होती.

क्लिव्ह, माझा नवरा, सहा वर्षांपूर्वी आमच्या झीहान गावाच्या मागच्या रानात एकटाच गेला आणि परतला नाही. सगळ्या गावानं शोधलं. यंदा मे महिन्यात नदीकाठच्या पडक्या झोपडीत त्याचा कॅमेरा सापडला, आत स्लाइडची रंगीत फिल्म. तिथं नदीला दोन फाटे फुटतात. तो कुठल्या फाट्यानं गेला एवढं फोटोंवरून कळलं, तर निदान हाडं तरी हाती लागतील. मला पुरायला काहीतरी हवं होतं.

आमच्याकडे रानात गेलेलं माणूस परतेपर्यंत व्हरांड्यातला दिवा विझवत नाहीत. परतलं, की पहिलं काम दिवा विझवायचं; विझलेला दिवा म्हणजे माणूस घरी पोचलं. माझा सहा वर्षं जळत होता.

स्लाइडची खास औषधं आमच्या बेटावर मिळेनात आणि फिल्म टपालानं पाठवायला माझा जीव धजेना. डेसनं शाळेत जन्मभर फोटोग्राफी शिकवलेली. त्यानं काळ्यापांढऱ्या फोटोंचं औषध आणि साध्या रंगीत फिल्मचं औषध यांवर काम भागवायचं ठरवलं.

"रंग हिरवट येतील, पण येतील," तो म्हणाला. "पहिल्या औषधात सगळं उलटं येतं, उजेडाच्या जागी काळोख. मग फिल्मला दिवा दाखवायचा आणि दुसऱ्या औषधात घालायची, की सुलटं. दिवा दाखवल्याशिवाय काही खरं नाही."

पहिलं औषध झालं. खोलीत आंबूस वास कोंडला होता. डेसनं रीळ बाहेर काढलं, बटण दाबलं आणि फट्‌ करून बल्ब गेला.

"दुसरा आहे?"

होता, एकच. मी व्हरांड्यात स्टुलावर चढले आणि एप्रनाच्या टोकात धरून तो गरम बल्ब काढला. दहा मिनिटांचा तर प्रश्न, असं स्वतःला समजावलं. धुकं फाटकापर्यंत आलं होतं. डेसची निळी गाडीसुद्धा नीट दिसत नव्हती.

डेस बल्बखाली रीळ हळूहळू फिरवत होता. तेवढ्यात बाहेरची खडी वाजली. मग पायऱ्या. एक... दोन... तीन.

"वॉलबी असेल," डेस पुटपुटला. ते छोटे कांगारू अंगणात यायचेच.

"बूट घालून?"

पावलं दारापाशी थांबली. बराच वेळ थांबली. मग पावलं उतरली... आणि खडी वाजत वाजत लांब गेली. मी धावत जाऊन दार उघडलं. ओले ठसे उंबऱ्यापर्यंत आले होते आणि तिथूनच मागे वळले होते.

तासाभरानं फिल्म धुऊन दोरीवर टांगली. डेस भिंगातून एकेक चौकट पाहत गेला. झोपडी. नदी. पुन्हा नदी. फाट्याचा फोटो एकही नाही. शेवटच्या चौकटीवर तो थबकला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

आमचं घर. फक्त पाण्याची टाकी डावीकडे, आमची उजवीकडे आहे.

"फिल्म उलटी धरलीय आपण," मी म्हणाले.

"नाही गं. कडेचे आकडे सुलटे आहेत."

फोटोत फाटकाशी डेसची निळी गाडी उभी होती, आज बाहेर होती तशीच. व्हरांड्यात दिवा जळत होता. दारात क्लिव्ह, पाठमोरा, खांद्यावर सॅक. दार उघडणारी बाई मीच होते, आणि हसत होते. सहा वर्षांत मी तशी हसलेली नाही. मला तिचा हेवा वाटला, आणि त्याहून जास्त, तो बल्ब काढल्याबद्दल, स्वतःची चीड आली.

"एव्हिस... फोटो काढला कुणी?" डेसनं विचारलं.

बल्ब मी त्याच संध्याकाळी परत लावला. अजून जळतोय. पुढच्या रविवारी मी भिंग घेऊन ती चौकट पुन्हा पाहिली. फोटोत आता दार लागलेलं होतं, दारात कुणी नव्हतं, आणि त्या व्हरांड्यातला दिवा कुणीतरी विझवला होता.