सांध्यावरचं गंध

लेन्सच्या आत पाणी होतं. बाहेरून कोरडी ठणठणीत, आणि आत काचेवर थेंबच थेंब.

"काल ही बाई भर पावसात ती घेऊन मरीना बीचवर गेली," राजगोपालराव म्हणाले. वेस्ट मांबलममधल्या या फोटो स्टुडिओचे ते मालक. चूक कुणाची, हे मालकाला नेहमी चौकशीआधीच कळलेलं असतं. "अख्ख्या गल्लीला सांगितलंय मी. आता हिला कुणी कॅमेऱ्याला हात लावू देणार नाही."

त्यांची फोटोग्राफर तुळसी दाराशी ताठ उभी होती. "मी छोटी लेन्स नेली होती. हिला शिवलेसुद्धा नाही."

म्हणून तर तिनं खासगी गुप्तहेर तुकोजींना बोलावलं होतं. त्यांचा सोबती गुंडो याला मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं. पाऊस काल पडला, बाई काल भिजली, लेन्स आज ओली. आणखी काय हवं?

तुकोजींनी लेन्स फिरवून पाहिली. हातभर लांब, दूरचं जवळ आणणारी झूम. पुढेमागे सरकणारं कडं जिथं नळीला भिडतं, नेमका त्या सांध्यावर परवाच्या आयुधपूजेत अवजारांना लावतात तो गंधाचा टिळा. अर्धा नळीवर, अर्धा कड्यावर, सुकून पापुद्रा झालेला.

"टिळे कुणी लावले?"

"मीच. दर वर्षी माझ्याच हातानं."

"पूजेआधी लेन्स कुठं होती?"

"कुलपात. किल्ली माझ्या कमरेला. पूजेला काढली ती या शेल्फवरच राहिली. तिथंच हिचं फावलं."

खुर्चीत बसलेले गुरुमूर्तीराव हे राजगोपालरावांचे मेव्हणे, लेन्सचे खरे धनी. अंबत्तूरला त्यांचा छोटा कारखाना. "पावसात काढायची नाही, असं बजावलं होतं," ते पुटपुटले. "मी स्वतः उन्हाळ्यानंतर हात लावला नाही."

तुकोजी भिंतीवरचा नवा फोटो बघत होते. पाऊस, खवळलेला समुद्र, कट्टुमरम वल्हवणारा कोळी. त्याच्या भुवईवरचं पाणीसुद्धा दिसावं इतका जवळ.

"झकास! कुणाचा?"

राजगोपालराव फुलले. "माझाच. पूजेच्या आधीच्या रविवारी, किनाऱ्यावरून."

"गुंडो, ते कडं ओढ."

गुंडोनं ओढलं. टिळा फुटून खाली भुगा पडला.

"अय्यो! मोडला की, राव!" तो म्हणाला.

"मोडणारच," तुकोजी म्हणाले. "झूम ओढली की भात्यासारखी हवा आत घेते. हिच्या सांध्याला रबर नाही, पावसात ओढली की पाणीही आत जातं. पण पूजेपासून हे कडं हललंच नव्हतं. हललं असतं तर टिळा काल फुटला असता. पावसात नेली असती तर धुऊन गेला असता."

गुंडो थबकला. "म्हणजे पाणी पूजेआधीचं. आणि तेव्हा किल्ली..."

"यांच्या कमरेला. लाटांतल्या माणसाचा चेहरा किनाऱ्यावरून इतका जवळ आणणारी दुसरी लेन्स इथं आहे का, तुळसीबाई?"

"नाही."

"ओली तशीच कुलपात कोंडली यांनी. मेव्हण्याला तोंड दाखवायचं होतं, आणि दोष द्यायला बाई हाताशी होती."

राजगोपालरावांनी घाम पुसला. "झालं गेलं, तुळसी. उद्यापासून ये कामाला."

"तसं नाही चालायचं, सार. गल्लीला ओरडून सांगितलंत ना? तसंच ओरडून सांगा, कुणी भिजवली ते."

राजगोपालराव पायरीवर गेले. समोरच्या इस्त्रीवाल्यानं मान वर केली. फुलवालीचे हात थांबले.

"लेन्स... ती मी..."

मागून गुरुमूर्तीराव शांतपणे म्हणाले, "मोठ्यानं, भावोजी."