निम्मं भरलेलं जॅकेट

लाइफजॅकेट घ्यायला आलेला माणूस आधी रंग विचारतो. अंगाला नीट बसेल का, हे विचारणारा विरळा. धक्क्यासमोरच्या माझ्या दुकानात मी प्रत्येकाला तेच पुराण ऐकवतो. फुगणारं जॅकेट हलकं असतं, पण त्याचे लाड करावे लागतात. गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा. जांघेतला पट्टा लावा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि माणूस खाली जातो. आणि पाण्यात निघण्याआधी आतलं गॅसचं छोटं सिलिंडर हातानं पिळून घट्ट करा. होडीच्या हादऱ्यांनी ते ढिलं होतं, मग फुगवायची दोरी कितीही ओढा, जॅकेट फुगत नाही. लोक मान डोलावतात आणि निळा आहे का विचारतात.

हे सगळं मन लावून ऐकणारी एकटी माझी ताई. भाऊजी तलावापलीकडे होडीनं माल पोचवत. रोज सकाळी दारात ताई त्यांच्या जॅकेटचं सिलिंडर पिळून द्यायची, शर्टाचं बटण लावून द्यावं तसं. पट्ट्याच्या बाबतीत मात्र तिचं काही चालायचं नाही. "लंगोट बांधलेलं बाळ दिसतो मी," असं म्हणून भाऊजी तो पाठीमागे लोंबत ठेवायचे.

गेल्या वर्षी एका सकाळी दोघांचं कशावरून तरी वाजलं आणि ताई दारात गेली नाही. त्याच दिवशी होडी उलटली. भाऊजी सापडलेच नाहीत. जॅकेट सापडलं, काठच्या गवतात अडकलेलं, बक्कल लावलेलंच. सिलिंडर ढिलं होतं. त्यांनी पाण्यात जॅकेटची तोंडानं हवा भरायची नळी फुंकून पाहिली असणार, कारण जॅकेट निम्मं भरलेलं होतं.

यंदा हंगामाच्या तोंडावर, भर दुपारी, ताई तेच जॅकेट घेऊन दुकानात आली. वाळून काडी झाली होती. जिना चढून आल्यासारखी धापा टाकत होती, आणि माझ्या दुकानाला तर एक पायरीही नाही.

"हे भरत नाहीये रे," ती म्हणाली. "कुठं गळतंय बघ."

"भरायचंय कशाला, ताई?"

"ह्यांना दम पुरला नाही. उरलेलं मी भरते रोज. भरतच नाही."

तेव्हाच ते जॅकेट बाजूला टाकून तिला जवळ बसवायला हवं होतं. पण गळती म्हटल्यावर मला हायसं वाटलं. रडणाऱ्या बहिणीचं काय करायचं ते मला कळत नाही, गळतीचं कळतं.

"आधी आतली हवा काढून टाकतो."

तिनं नळीवर हात ठेवला. "नको. ह्यांचा श्वास आहे त्यात."

वर्षभर हवा धरून ठेवणारं जॅकेट मी अजून पाहिलेलं नाही. तिचीच कालपरवाची हवा असणार, असं म्हणून मी मनाची समजूत घातली आणि जॅकेट तसंच पाण्याच्या टाकीत दाबून धरलं. एकही बुडबुडा आला नाही. मग पंप लावला. हात भरून येईपर्यंत मारला, तरी जॅकेट जिथल्या तिथे. निम्मं.

मी तळवा टेकवला. कापड कोमट लागलं. टाकीतलं पाणी थंड होतं.

टाकीच्या कडेला पाण्याची रेघ किंचित वर चढत होती आणि खाली येत होती. मी पंखा बंद केला. दार लावून घेतलं आणि जॅकेट पुन्हा पाण्यात दाबून धरलं. रेघ चढत-उतरतच राहिली, सावकाश, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. मीही तिच्याच तालात श्वास घेतोय हे लक्षात आलं, तेव्हा मी हात काढून घेतला.

"हे माझ्याकडे राहू दे, ताई. तुला नवीन देतो."

"रंग कुठला देशील?" ती हसली. किती दिवसांनी हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "त्या दिवशी एकदा पिळायचं होतं रे फक्त. रागात राहिलं. आता एवढं तरी करू दे."

मी नाही म्हणायला हवं होतं. तिचं तोंड बघून नाही म्हणवलं नाही.

तिनं ओलं जॅकेट मांडीवर घेतलं, नळी तोंडाला लावली आणि डोळे मिटले.

कापडाची एक सुरकुती सुटली. मग दुसरी. कॉलर वर उचलली गेली.

"भरतंय, ताई!" मी म्हणालो. मला खरंच आनंद झाला होता. वाटलं, आता तिच्या मनावरचा भार उतरेल.

जॅकेट गच्च होत गेलं. शिवणी ताणल्या.

"बास, ताई. झालं."

ती थांबेना. मी तिचा खांदा धरला, तर तिनं डोळे न उघडता माझ्या हातावर थोपटलं, लहानपणी झोपवताना थोपटायची तसं. तिची बोटं गार पडली होती.

मी वाकून तिचा चेहरा पाहिला.

फुंकणाऱ्या माणसाचे गाल फुगतात. ताईचे गाल आत ओढले गेले होते, आणि जॅकेट भरत होतं.