के सतरा

मी डावखुरा शिंपी. माझा टाका उलट्या बाजूला झुकतो, त्यामुळं माझं शिवण मी शंभरात ओळखतो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मागाहून म्हणाल, कृष्णमूर्ती म्हातारा झाला, बरळतोय.

म्हैसूरच्या अग्रहारात आमच्या दुकानासमोर चंद्रमहल टॉकीज होतं. त्याच्या खुर्च्यांची लाल मखमली कव्हरं आमच्या बाबांनी शिवलेली. प्रत्येकावर पांढऱ्या दोऱ्यानं ओळ नि नंबर भरलेला. टॉकीज बंद पडलं तेव्हा मालकानं कव्हरं रस्त्यावर टाकली. बाबांनी त्यातलं एक धड बघून उचललं आणि पेटीत ठेवलं. के सतरा. आम्हा शिंप्यांच्यात चिंधीसुद्धा टाकत नाहीत.

पुढं टॉकीजचं कल्याणमंडप झालं. पडद्याच्या भिंतीला चुना लागला, तिथं लग्नं लागली, पंगती उठल्या. मग मंडपही बसला आणि गार्मेंटचा कारखाना आला. साठ मशीन, साठ बायका, शाळेचे युनिफॉर्म. रेडिमेडनं माझं दुकान खाल्लंच होतं. माझी एकुलती नव्या तिथं कामाला लागली. मीच लावली. आई नसलेली पोर, डोळ्यांसमोर राहील म्हटलं.

आठवड्यातच कुरकुरली, "आप्पा, लोखंडी स्टूल आहे, कंबर जाते."

झालं! बापाची माया उतू गेली. पेटीतलं कव्हर काढलं, कापूस भरला, झकास उशी शिवली. नंबर मुद्दाम वरच्या बाजूला ठेवला.

"आजोबांच्या हातचा आहे. मिरव," म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ती चष्मा विसरून गेली, तो द्यायला मी गेलो. दुपारचे अडीच. एकोणसाठ मशीनांची घरघर चालू, नव्याचं तेवढं बंद. हात मांडीवर, नजर चुन्याच्या भिंतीवर. दोनदा हाक मारली. तिनं ऐकलं नाही. मग भिंतीकडे बघत ती खुदकन हसली.

शांताक्का तिथं झाडलोट करते. मंडपात ती वाढपी होती. तिनं मला दाराशी ओढलं.

"अण्णा, मंडपातसुद्धा, ही बसते त्या ओळीतली माणसं जेवता जेवता थांबायची. भिंतीकडे बघायची. पण हाक मारली की भानावर यायची. ही येत नाही. साडेपाचलाच उठते."

"सुम्मने, उगाच काहीतरी बोलू नको," मी खेकसलो. पण माझं सगळं बालपण त्या दारासमोर गेलंय. अडीच ते साडेपाच म्हणजे मॅटिनी, हे मला कुणी सांगायला नको होतं.

त्याच संध्याकाळी उशी घरी आणून न्हाणीच्या चुलीत घातली. मखमल जळल्याचा वास आला नाही. भाजलेल्या शेंगांचा आला, टॉकीजबाहेर गाडीवर यायचा तसा.

दुसऱ्या दिवशी तिला कामावर पाठवलं नाही. अडीचला तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड केलं.

"नव्या! काय दिसतंय गं तिथं?"

"आप्पा, हळू बोला ना. पुढचे लोक वळून बघतायत."

मी तिथंच खाली बसलो.

दोन डॉक्टर झाले. तपासण्या चांगल्या आल्या. गावाच्या कडेला बोगादीला भाड्यानं घर घेऊन महिनाभर राहिलो, तिथंही भिंत होतीच. देवाला मागून झालं. शेवटी बातमी आली, चंद्रमहल पाडतायत, चार मजली पार्किंग होणार. मला इतका आनंद झाला की शांताक्काला पेढा दिला. अग्रहारात परतलो. पाडायच्या दिवशी नव्याला घरी शांताक्काजवळ बसवून मी रस्त्यावर उभा राहिलो. तीनच्या सुमारास ती चुन्याची भिंत आडवी झाली. सुटली माझी पोर, म्हटलं, आणि धावत घरी आलो.

ती भिंतीकडे बघत बसली होती. साडेपाच वाजले. सहा वाजले. ती उठली नाही.

"खेळ संपला बाळ. चल, घरी चल."

तिनं मान वळवली नाही. घाबरल्या आवाजात एवढंच म्हणाली,

"आप्पा, दार कुठं गेलं?"

त्यानंतर ती बोललेली नाही.

याला सात महिने झाले. भरवलं तर जेवते. झोपते बसल्या बसल्या. आता हसत नाही. कधी कधी हात बाजूला चाचपडतो, शेजारी कोणी बसलंय का बघावं तसा. मी तो हात धरतो. ती तो सोडवून घेते आणि परत चाचपडते.

समोर पार्किंग उभं राहिलं. अडीचला तिथं गाड्या कमी असतात.

काल तिची शाल काढायला पेटी उघडली. तळाशी लाल मखमल होती. जुनी, घासलेली, कडेला पान खाल्लेल्या बोटांचे डाग.

के अठरा.

नंबर पांढऱ्या दोऱ्यात भरलेला होता. मी उजेडात नेऊन बघितला, चष्मा पुसून परत बघितला.

टाका उलट्या बाजूला झुकलेला होता.

मी तो कधी घातलेला नाही. पण पोर तिथं एकटी बसली आहे.

आज जेवण उरकून मी कापूस पिंजायला घेतला. शांताक्काला निरोप पाठवलाय, संध्याकाळी येऊन दोघांना भरव म्हणून.